आवाज थांबले, पण भावाला तीन वस्तूही लक्षात राहत नाहीत

कराडची_थोरली
धाकटा भाऊ ३३ वर्षांचा. स्किझोफ्रेनिया. आवाज ऐकू येणं बंद होऊन चौथं वर्ष चालू आहे. झोप नीट, गोळ्या स्वतःहून घेतो. आजार ताब्यात आहे म्हणतात डॉक्टर. पण परवा दुकानात धाडला, पोहे, हळद नि साबण आणायला. पोहे आणले. परत पाठवला, तर पुन्हा पोहेच!

हाच पोरगा आयटीआय करून वायरमन झालेला, अख्ख्या घराचं वायरिंग डोक्यात ठेवायचा. मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसवला. पंधरा दिवसांत मामा म्हणाले, "गुणी आहे गं, पण गिऱ्हाइकाचं बोलणं संपेस्तोवर पहिली वस्तू विसरलेला असतो." अण्णा म्हणतात, निव्वळ आळस.

कुणीतरी सांगितलं म्हणून मेंदूच्या खेळांचं ॲप घेतलं, वर्षाचे पैसे भरून. चौदाव्या लेव्हलला पोचलाय. हळद अजून आलेली नाही. पुढच्या वर्षी पैसे भरू का?

भाऊसाहेब_६२
रोज भिजवलेले सात बदाम. नातवाला दहावीत फार फरक पडला.

मिरजेची_ओटी
भाऊसाहेब, बदाम खुशाल खावेत, पण हे दुखणं वेगळं.

ताई, मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट; रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवते. अण्णांना सांगा, हा आळस नव्हे. लक्ष टिकणं, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं, चटकन उमगणं, या आजारात हेच मंदावतं. पुष्कळदा आवाज यायच्या आधीपासून. भास थांबवणाऱ्या गोळ्यांचा यावर फारसा जोर चालत नाही.

ॲपचं म्हणाल तर लंडनच्या मानसशास्त्रज्ञ टिल वाइक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा प्रशिक्षणाचे ४० अभ्यास एकत्र तपासले. लक्ष-स्मरण सुधारतं, फार नाही पण सुधारतं. रोजच्या जगण्यात मात्र फरक जास्त दिसला तो जोडीला पुनर्वसनाचं काम होतं तिथे, त्यातही लक्षात ठेवायच्या युक्त्या शिकवल्या होत्या तिथे. नुसता खेळणारा खेळातच तरबेज होतो. मी तरी पैसे भरले नसते.

आणखी एक. हात थरथरू नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे का? त्या गोळीनेही विसरायला होतं. अजून गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. परस्पर बंद मात्र करू नका.

वाईचा_बाप
माझी मुलगी, हाच आजार, अकरा वर्षं झाली. आम्हीही तिला सारखं "आठव, आठव" करायचो. ती रडायची, आम्ही चिडायचो. मग एका बाईंनी शिकवलं, की चूक होऊच द्यायची नाही. चहाचं सामान एका ताटात मांडलं, त्याच क्रमाने. पहिले दिवस मी शेजारी उभा राहून प्रत्येक पायरी सांगायचो. मग शेवटची सांगणं सोडलं, मग तिच्या आधीची. दोन महिन्यांनी पाच माणसांचा चहा केला तिने. साखर जरा जास्त झाली, ते असो.

आणि मोठ्या डॉक्टरांवाचून अडून बसू नका. आपल्या साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत कांचीपुरमला एक अभ्यास झाला होता, २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २८२ रुग्ण. काहींना नेहमीचे उपचार, काहींकडे त्याशिवाय प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते जायचे. वर्षाअखेर दुसऱ्या गटाची लक्षणं नि अडचणी थोड्या जास्त कमी झालेल्या. थोड्याच, पण आमच्यासारख्यांना थोडंही पुष्कळ असतं.

कराडची_थोरली
तीन आठवड्यांनी लिहितेय. ती गोळी चालू होतीच. डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला घेतलीय.

मामांनी त्याला गल्ल्यावरून काढून मागे बसवलाय. स्विच-सॉकेटचे खोके लावायचे, प्रत्येक खोक्यावर नमुना चिकटवलेला. तिथे चुकत नाही. दुकानात जाताना खिशात चिठ्ठी देते. काल साबण विसरून निघाला होता, कोपऱ्यावर थांबला, चिठ्ठी काढली नि माघारी फिरला. मी गॅलरीतून बघत होते, हाक मारली नाही.

अण्णा म्हणतात, चिठ्ठीची सवय लागली तर डोकं कायमचं बसेल. ओटी ताई, यांना काय सांगू?

मिरजेची_ओटी
अण्णा चष्मा लावतात का, तेवढं विचारा.