मदत हवी आहे: व्हेनिसच्या जुन्या चित्रातले ध्वज कोणाचे?

घरात व्हेनिसच्या सान मार्को चौकाचं छोटं तैलचित्र आहे. 19व्या शतकात श्रीमंत प्रवासी आठवण म्हणून विकत घेत, त्यातलं वाटतं. सही नाही, मागे शिक्का किंवा चिठ्ठीही नाही. भिंगातून छपाईचे ठिपके दिसत नाहीत, ब्रशचे उंचवटे मात्र स्पष्ट आहेत. घंटेच्या मनोऱ्यावरून काळ ठरत नाही. 1902 मध्ये तो कोसळला, पण 1912 पर्यंत होता तसाच पुन्हा उभा केला.

आशा आहे ती बासिलिकासमोरच्या (चौकातल्या मोठ्या चर्चसमोरच्या) तीन ध्वजांवर. 1866 पर्यंत तिथे ऑस्ट्रियाचं राज्य होतं (ध्वज लाल-पांढरा-लाल, पट्टे आडवे), मग व्हेनिस इटलीत गेलं (ध्वज हिरवा-पांढरा-लाल, पट्टे उभे). (1848-49 च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या उठावातही इटलीचा तिरंगा फडकला होता, ते लक्षात आहे.) चित्रात ध्वज खांबाला बिलगून लोंबताहेत, त्यामुळे पट्टे आडवे की उभे तेच समजत नाही. एक कड लाल, मध्ये पांढरं, आणि दुसरी कड पिवळ्या पडलेल्या वार्निशखाली पार काळपट.

चित्र विकायचं नाही. वार्निश काढायचं नाही, कापसाने पुसायचे घरगुती उपायही नकोत. दिवसाच्या उजेडातले फोटो जोडले आहेत.

चित्राला हात न लावता, फक्त प्रकाश किंवा कॅमेरा वापरून ती काळपट कड हिरवी आहे की लाल, हे कसं ओळखायचं?