मदत हवी आहे : एबी फॉर्म असूनही दहा सूचक मागतात, मंगळवार शेवटचा दिवस

दर्यावाट (२६ ऑक्टोबर २०२४, संध्याकाळी ६:४०)
काल विधानसभेचा अर्ज घेऊन गेलो तर मदत कक्षातूनच परत पाठवलं. म्हणे सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार, दहा हवेत. आमची उमेदवार अपक्ष नाही, पक्षाध्यक्षांच्या शाईच्या सहीचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याचं पत्र, हातात आहे. बाजूच्या टेबलावर मोठ्या पक्षाचा अर्ज एका सूचकावर तपासून दिला, माझ्या डोळ्यांदेखत. मंगळवारी तीनला मुदत संपते. तक्रार कुणाकडे करायची तेवढं सांगा. बाकी सगळं तयार आहे.

निवृत्त_नायब (६:५८)
मतदारसंघ कुठला? पक्ष कुठला? मान्यताप्राप्त आहे की फक्त नोंदणीकृत? हे न सांगता तक्रार कसली करणार?

दर्यावाट (७:०५)
सिंधुदुर्गातल्या तीनपैकी एक. नाव मुद्दाम लिहीत नाही. पक्ष आयोगाकडे रीतसर नोंदलेला आहे.

निवृत्त_नायब (७:२१)
मग कक्षातल्या माणसाने बरोबर सांगितलं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ३३. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला अपक्षाचाच नियम लागतो, म्हणजे दहा सूचक, आणि दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार. एबी फॉर्मने तुमची ताई पक्षाची उमेदवार ठरते, सूचक कमी होत नाहीत. तो फॉर्मही मंगळवारी तीनच्या आतच द्यायचा, झेरॉक्स चालत नाही.
तक्रारीत वेळ घालवू नका. नमुना २ ब मधला भाग दोन भरा.

तांबडी_माती (७:३०)
स्पष्ट बोलतो, राग नको. तिसरा उमेदवार आपल्याकडे निवडून येत नाही, कुणाची तरी मतं खातो. तेवढी ताकद जिल्हा परिषदेला लावा. अनामत तरी वाचेल.

दर्यावाट (७:४४)
मी सल्ला अर्जाबद्दल मागितला होता. तरी उत्तर देतो. एलईडी लावून मासेमारीला केंद्राची बंदी २०१७ पासून आहे. आमच्या किनाऱ्यावर या, रात्री बाहेर समुद्रात शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली की पाट्यात मूठभर पेडवे आणि बाकी शेवाळ. दोन्ही बाजूंचे पुढारी येऊन ऐकून जातात आणि विधानसभेत त्यावर कुणी उभं राहत नाही. ताईने उभं राहायचं नाही तर कुणी?
दहा माणसं मला तासाभरात मिळतील. सहीला रांग लागेल.

पाणंदीवरून (७:५२)
तांबडी माती, ज्या मातीत बॅ. नाथ पै प्रजा समाजवादी पक्षाकडून राजापूर लोकसभेत १९५७, ६२, ६७ असे तीनदा निवडून आले, तिथे हे बोलता? त्यानंतर मधु दंडवते १९७१ पासून सलग पाच निवडणुका. वर रायगडात शेकापने अलिबाग वर्षानुवर्षं राखलं. सत्ताधारी काँग्रेसच्या काळात हे सगळे तिसरेच होते.

तांबडी_माती (८:०३)
त्यांच्यामागे संघटना होती, गावोगाव शाखा होत्या. दहा सूचक माहीत नसलेल्या पक्षाशी त्यांची तुलना करू नका.

निवृत्त_नायब (८:१०)
हा वाद बाजूला ठेवा. दर्यावाट, रांग लागू दे, पण ते दहा जण मतदार यादीत कुठे आहेत? भाग क्रमांक, अनुक्रमांक बघितला?

दर्यावाट (८:१६)
गावचेच आहेत सगळे. तिघे-चौघे मुंबईला असतात, दिवाळीला आलेत. मतदान तिकडे करतात बहुतेक. पण घर इथे, घरपट्टी इथे.

निवृत्त_नायब (८:२५)
त्यांची नावं काढा. घरपट्टीला इथे काही किंमत नाही, यादी बघतात. छाननीत एक सूचक बाद झाला की दहाचे नऊ होतात आणि अर्जाचा तो संच गेला. आज रात्रीच प्रत्येकाचा ओळखपत्र क्रमांक आयोगाच्या संकेतस्थळावर टाका आणि यादीतला क्रमांक जसाच्या तसा अर्जात उतरवा. वेगळ्या दहा जणांचा दुसरा संच करा. चार संचांपर्यंत मुभा आहे, अनामत एकदाच भरायची. आमच्या वेळी सगळ्यात जास्त रडारड इथेच पाहिली आहे.
सूचकांत कुणी अंगठा करणारं असेल तर तो अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने ठरवलेल्या अधिकाऱ्यासमोर व्हायला हवा. घरी उठवून आणू नका.

डोंबिवलीचा_आंबा (८:३३)
चाकरमान्यांनी नाव गावाला आणायचं असेल तर नमुना ८ भरायचा. ऑनलाइन होतो, मी केला. प्रत्येकाने करावा. शिमगा-गणपतीला गाव आपलं आणि मत मुंबईला, हे कधीतरी थांबायला हवं.

निवृत्त_नायब (८:३७)
या निवडणुकीपुरती ती वेळ टळली आहे. पुढच्या वेळेसाठी चांगलं आहे.

बूथवाला (८:४१)
सूचक मिळतील हो. खरी गोष्ट कुणी बोलत नाही. प्रत्येक केंद्रावर तुमचा मतदान प्रतिनिधी हवा, आणि संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून नमुना १७ क ची प्रत घेतल्याशिवाय त्याने उठायचं नाही. त्यात एकूण किती मतं नोंदली ते लिहिलेलं असतं. छोट्या पक्षांची माणसं चारलाच घरी जातात. प्रतिनिधी नेमायचा नमुना १० आजपासून भरायला घ्या.

आगरवाट (८:५०)
नामसाधर्म्याचंही बघून ठेवा. २०१४ ला रायगड लोकसभेत अनंत गीते २,११० मतांनी आले, राष्ट्रवादीचे सुनील तटकरे हरले आणि सुनील तटकरे याच नावाच्या अपक्षाला नऊ हजारांवर मतं पडली. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, शेवटी अपक्ष, प्रत्येक गटात अक्षरक्रमाने. ताईचं नाव लोक ज्या रूपात ओळखतात ते अर्जात नीट लिहा.

दर्यावाट (९:०२)
नावावरून आठवलं. ताईचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे, शेजारच्या मतदारसंघात. त्याने अडतं का?

निवृत्त_नायब (९:०६)
बाकी सगळं तयार आहे म्हणालात ना! ती राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाची मतदार असेल तरी उभी राहू शकते. फक्त त्या यादीची प्रमाणित प्रत जोडायची, निदान छाननीच्या वेळी दाखवायची.

मालवणी_मेवणो (९:१५)
आमच्या वैनीक असोच अनुभव इलो. नाव माहेराक, रवता सासराक. तहसीलातसून सही-शिक्क्याची नक्कल घेतली, काम झाला. सोमवारी सकाळीच माणूस पाठव, दुपारी साहेब गावतले नाय.

पाणंदीवरून (९:२०)
बँक खातं काढलंय?

दर्यावाट (९:२३)
ताईचं जिल्हा बँकेत जुनं खातं आहे, पासबुक जोडलंय.

पाणंदीवरून (९:३१)
जुनं चालत नाही. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र खातं हवं, अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं. आज चौथा शनिवार, उद्या रविवार. म्हणजे तुमच्याकडे फक्त सोमवार आहे. खातं ताईच्या एकटीच्या नावाने किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त. नवरा प्रतिनिधी नसेल तर त्याच्यासोबत नको. सहकारी बँक किंवा पोस्टातही निघतं. आधार, पॅन, फोटो घेऊन बँक उघडताना दारात उभे राहा.
माझ्या भावाच्या वेळी एका बँकेत "उद्या या" म्हणाले होते. आम्ही तिथून उठून थेट पोस्टात गेलो.

तांबडी_माती (९:४०)
माझं मत तेच आहे. पण उभं राहायचंच असेल तर कागदावरून पडू नका. शपथपत्रात, नमुना २६ मध्ये, एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. लागू नसेल तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. नवऱ्याची होडी, जाळी, सोसायटीचं कर्ज, सगळं दाखवा. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीला पाच. धनादेश घेत नाहीत, रोख किंवा कोषागाराचं चलन.

दर्यावाट (९:५५)
सोमवारी सकाळी दोघे बँकेत, एक तहसीलात. सूचकांची यादी आत्ता नव्याने करायला बसलो आहे. वाडीतल्या मुलींनी मोबाइलवर क्रमांक शोधायला घेतलेत. चिन्हाचं काय, होडी मागता येते का?

निवृत्त_नायब (१०:०८)
पक्षाला आयोगाने सामाईक चिन्ह दिलं असेल तर तेच मिळेल. नसेल तर मुक्त चिन्हांची यादी कचेरीत लावलेली असते, त्यातून पसंतीक्रमाने तीन लिहायची.

दर्यावाट (२९ ऑक्टोबर, दुपारी ३:५०)
दोन संच दाखल. पोस्टात खातं सोमवारी दुपारी निघालं. पोहोच मिळाली, छाननी उद्या.

निवृत्त_नायब (४:०२)
शपथ घेतली का ताईने? अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी, स्वतः.

दर्यावाट (४:०४)
नाही. कुणी सांगितलं नाही. ताई अजून आवारातच आहे.

निवृत्त_नायब (४:०५)
आत्ता आत पाठवा. मग लिहा.

दर्यावाट (४:३१)
घेतली. दाखला हातात आहे.

बूथवाला (४:४०)
आता नमुना १० चं बघा. आणि खर्चाची वही आजपासून लिहा, आजच्या चहापासून. मर्यादा चाळीस लाखांची आहे, तुमचा खर्च तिच्या जवळपासही जाणार नाही. पण निकालापासून तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात.