मदत हवी आहे: मुलांना घेऊन मोझांबिकला निघायचंय, जानेवारीत जावं की मे-जूनमध्ये?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यात वास्कोला राहतो, मूळचे नगरचे. नवरा फिजिओथेरपिस्ट, मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमची मराठी मंडळी (चर्च) आम्हाला मोझांबिकमधल्या बेइरा शहरात सेवेसाठी पाठवते आहे. तिथल्या मंडळीच्या आरोग्यकामात नवऱ्याने आणि बालवर्गात मी मदत करायची आहे. मुलगी दहा वर्षांची, मुलगा चार. सासूबाई इथेच राहणार, नणंद मडगावला आहे.

कागदपत्रांची धावपळ चालू आहे, ती होईल. अडलंय ते निघायच्या महिन्यावर.

तिकडे शाळेचं वर्ष साधारण फेब्रुवारीत सुरू होतं. जानेवारीत पोचलो तर मुलगी सगळ्यांबरोबर वर्गात बसेल. पण नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे पावसाळा, आणि वादळांचा मोसमही तोच. मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळाने याच बेइराची वाताहत केली आणि पाठोपाठ कॉलरा पसरला. मलेरिया वर्षभर असतोच, पावसात जास्त. गोव्यात आपण जास्त करून व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया बघितलाय, तिकडे बहुतेक फाल्सिपेरम प्रकारचा, जो लहान मुलाला एक-दोन दिवसांत अत्यवस्थ करू शकतो. मे-जूनमध्ये गेलो तर हवा कोरडी आणि गार, मुलीचं इथलं वर्षही पुरं होईल. पण मग तिकडच्या वर्गात ती मध्येच जाणार, तेही पोर्तुगीजमधून शिकायला.

मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या औषधांचंही विचारायचं आहे. डॉक्सीसायक्लिन आठ वर्षांखालच्यांना सहसा देत नाहीत, म्हणजे धाकट्यासाठी ते बाद. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल वजनाप्रमाणे देता येतं, पण रोज द्यावं लागतं आणि महाग पडतं. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच, पण त्याने काहींची झोप उडते, मन अस्वस्थ होतं. वर्षानुवर्षं तिथे राहणारी कुटुंबं प्रत्यक्षात काय करतात?

भाषेच्या बाबतीत गोव्यात असल्याचा मोठा फायदा होतोय. पणजीत पोर्तुगीजचे वर्ग आहेत, आम्ही दोघं आळीपाळीने कदंबाची बस पकडून जातो. चिखलीच्या एक आजी मुलीला बोलायला शिकवतात. मात्र बेइरात पोर्तुगीज ही शाळेची आणि ऑफिसची भाषा. घराघरांत सेना आणि न्दाऊ बोलतात. पहिलं वर्ष फक्त भाषेला द्या, कामाची घाई करू नका, असा सल्ला मिळालाय आणि मला तो मनापासून पटतो. १८३१ मध्ये नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं तेव्हा त्या माणसांनी आधी मराठी शिकून घेतली. आमच्या घराण्यात सुवार्ता आली ती मराठीतून.

इथे मिशनरी म्हटलं की लोक लगेच संत जोसेफ वाझ यांचं उदाहरण देतात. बाणावलीत जन्मलेले, १६८७ मध्ये डचांच्या ताब्यातल्या श्रीलंकेत वेष पालटून शिरले. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण ते संन्यस्त धर्मगुरू होते, त्यांच्या मागे चार वर्षांचा मुलगा नव्हता. मला मुलाबाळांसकट गेलेल्यांचे अनुभव हवे आहेत.

प्रतिसाद १

ताई, आम्ही शेजारच्या मलावीत बरीच वर्षं होतो, मी नर्स. माझं स्पष्ट मत: मे महिना गाठा. घर, पाणी, जाळ्या, दवाखाना सगळं पाऊस यायच्या आत लावून होतं. मुलीला शाळेत लगेच घालू नका. फेब्रुवारीपर्यंत पोर्तुगीज पक्कं करू द्या, एक इयत्ता खाली बसवावी लागली तरी चालेल.

आमच्या मुलांना आम्ही पहिले दोन पावसाळे औषध दिलं. त्यापुढे कुटुंबागणिक वेगळं करतात, पण पाच वर्षांखालच्या मुलाचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. खिडक्यांना बारीक जाळी आणि औषध लावलेली मच्छरदाणी हवीच. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही. सुट्टीत गोव्यात आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेतून आल्याचं आधी सांगा.

इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस घ्या. ती वास्कोलाच बंदर आरोग्य कार्यालयात मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं. भारतात परतताना ते विचारतात.

प्रतिसाद २

फक्त पैशांचं सांगतो. परदेशी राहायला गेलात की इथलं साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्यावं लागतं. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. नणंदेच्या नावाने मुखत्यारपत्र निघण्याआधी नोंदवा. तिकडून पाठवणं फार कटकटीचं होतं.

प्रतिसाद ३

मी मिशनरी आईवडिलांची मुलगी. नेपाळला गेलो तेव्हा तुमच्या मुलीएवढीच होते. आईबाबांनी आमच्यासाठी खूप केलं, पण निघायची तारीख मला अगदी शेवटी सांगितली, मी रडेन म्हणून. मैत्रिणींचा नीट निरोप घेता आला नाही, ते कित्येक वर्षं सलत राहिलं. अशा मुलांवर काम केलेले डेव्हिड पोलॉक चार गोष्टी सांगतात: ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याशी मिटवा, ज्यांनी प्रेम केलं त्यांना ते बोलून दाखवा, माणसांचा आणि जागांचाही निरोप घ्या, आणि मग पुढच्या ठिकाणाबद्दल मोकळेपणी बोला. मुलीला तारीख आत्ताच सांगा. शाळा, बायणाचा किनारा, रविवारची शाळा, जिथे तिला जायचंय तिथे घेऊन जा. सासूबाईंनाही यात घ्या. आजी आणि नात यांनी दर आठवड्याला फोनवर मराठी वाचायचं असं आमच्याकडे ठरलं होतं, माझं मराठी त्यानेच टिकलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. मे महिन्याचं पाळकसाहेबांशी बोलतो. मुलीला आज तारखेचं सांगितलं; तिने पहिला प्रश्न विचारला तो आजीला कोण सांभाळणार. सासूबाई तिथेच होत्या, त्यांनीच उत्तर दिलं. वाचनाची कल्पना त्यांना फार आवडली, पण व्हिडिओ कॉल त्यांना जमत नाही, तेवढं निघण्याआधी शिकवायचं आहे.

आता दोनच गोष्टी राहिल्या. प्रवासातल्या मलेरियाच्या औषधांची माहिती असलेले बालरोगतज्ज्ञ पणजी-बांबोळीकडे कुठे भेटतील? आणि सेना भाषा शिकण्यासाठी पोर्तुगीजमधून काही साहित्य कुणी वापरलं आहे का?