बहीण बेंगळुरूच्या क्राइस्टला आहे. इंग्रजीनं घाबरलीय, गाण्यातून नाव काढते म्हणते. काय सांगू?

औसेकर_दादा

नमस्कार मंडळी. आमच्या गावातून बेंगळुरूला शिकायला गेलेली माझी बहीण पहिलीच. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, बारावी लातूरला कला शाखेतून, आता क्राइस्ट युनिव्हर्सिटीत बीए. मीच नांदेडच्या गाडीनं सोडून आलो. होसूर रोडचा तो परिसर बघून मलाच दडपण आलं होतं, लेकराचं काय झालं असेल.

परवा फोनवर रडली. म्हणाली, "दादा, मॅडम बोलतात ते कळतंय, पण लिहायला बसले की हात उचलत नाही." पहिल्या सीआयएचा, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत मूल्यमापनाचा, निबंध द्यायचाय आणि तिनं चार वेळा फाडून टाकलाय. त्यातच वर्गातल्या मुलींनी दर्पण नावाच्या स्पर्धेत लोकगीतासाठी तिचं नाव दिलंय. गाते ती चांगलं, आमच्या आईकडून आलंय. पण आईच म्हणते, गाणं राहू दे, आधी पास हो. हजेरीही ८५ टक्के लागते म्हणे.

अभ्यासात मदत करणारं तिथं कुणी असतं का, का बाहेर क्लास लावावा? आजीची वेगळीच काळजी, फादर लोकांची संस्था आहे, पोरीला धर्माचं काही करायला लावतील का?

उदगीरची_लेक

दादा, क्लास लावू नका. मी तिथं तीन वर्षं काढलीत आणि तुमच्या बहिणीसारखीच मराठी माध्यमातून गेले होते.

तिला आधी कॅप्समध्ये पाठवा. पूर्ण नाव सेंटर फॉर अकॅडमिक अँड प्रोफेशनल सपोर्ट. तिथं शिकवणारे बहुतेक विद्यार्थीच असतात, म्हणून लाज वाटत नाही. लिखाण कसं बांधायचं, वर्गासमोर सादरीकरण कसं करायचं, हे ते शिकवतात. परिच्छेदात आधी आपलं म्हणणं, मग त्याचा आधार, मग पुढच्या मुद्द्याकडे वळायचं, एवढी साधी गोष्ट मला बारावीपर्यंत कुणी सांगितली नव्हती. मी पाठ करून लिहिणारी. नोट्समधली वाक्यं जशीच्या तशी उतरवायची सवय होती, ती पहिल्याच असाइनमेंटला पकडली गेली. बहिणीला आजच सांगा, मोडकं लिही पण स्वतःचं लिही.

दुसरं, वर्गाच्या मेंटरला भेटायला सांगा. "मी मराठी माध्यमातली आहे, लिहिताना अडते" एवढं वाक्य तोंडानं म्हणायला मला दीड महिना लागला. म्हटल्यावर मॅडमनी माझा मसुदा दोनदा वाचला. रोज रडू येत असेल, झोप लागत नसेल, तर समुपदेशन केंद्रही आहे. तिथं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे आईंनाही समजावून ठेवा.

आणि गाण्यातून नाव काढू देऊ नका. कळकळीनं सांगतेय.

मी दर्पणला भलरी, म्हणजे सुगीचं गाणं, बसवली होती. आमच्या गटात दोघी मल्याळी, एक मिझो, एक कलबुर्गीची. त्यांना सुगी म्हणजे काय, ज्वारी काढताना बाया एका लयीत का गातात, पात धरणं म्हणजे काय, हे सगळं मला इंग्रजीत सांगावं लागलं. शब्द सापडत नव्हते, हातवारे करत होते. पण या विषयात माझ्यापेक्षा जास्त कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळं चुकायची भीतीच राहिली नाही. त्या पंधरा दिवसांत मी जेवढं इंग्रजी बोलले तेवढं आयुष्यात बोलले नव्हते. नंतर अभ्यासालाही हीच रीत धरली. धडा आधी रूममेटला तोंडी समजावायचा आणि जे बोलले तेच लगेच लिहून काढायचं.

पुढं भाषा उत्सव असतो. ज्यानं त्यानं आपल्या मुलखाचा पोशाख घालून यायचं, आपल्या भाषेतलं काही सादर करायचं. मी आईची इरकल साडी नेसले आणि येळवस, म्हणजे आपला वेळा अमावास्येचा सण, सांगितली. शेतातली कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हटलं तर कलबुर्गीची उठून उभीच राहिली, तिच्याही आजोळी येळवस करतात. हे बोल कानडीतूनच आपल्याकडं आलेत. त्या दिवसापासून ती माझी बहीणच झाली. बेंगळुरूत जोळद रोट्टीची खानावळ तिनंच दाखवली. तीही ज्वारीची भाकरीच, तुमच्या बहिणीला सांगा.

आजींच्या काळजीबद्दल म्हणाल तर डिसेंबरात नाताळचा मोठा कार्यक्रम होतो, मॅग्निफिकॅट. कॉयर गातं, सगळीकडं दिवे असतात. मी दरवर्षी आवडीनं गेले. धर्म बदल असं मला तीन वर्षांत कुणी म्हटलं नाही. होलिस्टिक एज्युकेशनचे तास असतात, पण त्यात माणसांशी वागणं-बोलणं, समाजाचं भान असे विषय असतात.

जालन्याचे_सर

आजींना माझा नमस्कार सांगा. आमच्या जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात मिशनचं काम उभं केलं, शेजारी बेथेल गाव वसवलं. आमच्या घरातली तीन पिढ्यांची बाळंतपणं मिशन हॉस्पिटलात झाली, आणि घरातली पंढरीची वारीही कधी चुकली नाही.

क्राइस्ट चालवणारा सीएमआय हा ख्रिस्ती धर्मगुरूंचा संघ केरळातला, १८३१ साली मान्नानमला सुरू झालेला. संस्थापकांपैकी कुरियाकोस चावरा यांनी १८४६ मध्ये तिथं संस्कृत पाठशाळा काढली होती. पुढं प्रत्येक चर्चजवळ शाळा हवी असा त्यांनी आग्रह धरला. बेंगळुरूचं हे कॉलेज १९६९ चं, अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००८ चा. शिकवणं हा त्यांचा जुना पिंड आहे.

परभणी_४३१४०१

ताईंचं पटतं, पण एक सावधगिरी. माझा मुलगा दुसऱ्या एका कॉलेजात होता. पहिल्याच सत्रात नाटक, बँड, फेस्टची कमिटी, तीन ठिकाणी नाव दिलं. सरावाच्या तासांची हजेरी मिळेल असं धरून चालला. मिळाली नाही, आणि परीक्षेला बसता आलं नाही. वर्ष गेलं. बहिणीला म्हणावं एकच कार्यक्रम घे, आणि हजेरीचं आधी लेखी विचार.

उदगीरची_लेक

परभणीकर काकांचं शंभर टक्के बरोबर. दर्पणपुरतं थांबायचं. ब्लॉसम्स, इन-ब्लूम हे तिथले बाकीचे फेस्ट पुढच्या वर्षी बघता येतील. सीआयए दोन म्हणजे सत्राच्या मध्यावरची लेखी परीक्षा, तिच्या आधीचे पंधरा दिवस तर कशालाच हात लावायचा नाही.

औसेकर_दादा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिलेलं बहिणीला वाचून दाखवलं. पात धरण्याच्या ठिकाणी हसली, महिन्याभरात पहिल्यांदा. काल मेंटरला भेटून आलीय आणि कॅप्समध्येही विचारलंय. निबंध पाचव्यांदा लिहितेय, पण या वेळी फाडला नाही.

आजीला सरांचं वारीचं पटलं. आणि आई, जी गाणं राहू दे म्हणत होती, तीच रात्री फोन कानाला लावून तिला भलरीच्या विसरलेल्या ओळी सांगत बसली होती. भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

ताई, एक शेवटचं. इरकल कुरिअरनं पाठवली तर नीट पोचते का, का कुणाच्या हाती द्यावी?