गणपतीत ‘बालक-पालक’ दाखवला म्हणून गाव बुडालं का?

धानपट्टा
परवा एका गुरुजींनी पोस्ट टाकली: मंडळानं चौकात पडदा लावून ‘बालक-पालक’ दाखवला, आयाबहिणींसमोर असला चावटपणा म्हणजे संस्कृतीला तिलांजली. डोकं उठलं, म्हणून लिहितो. गुरुजी, २०१३ चा सिनेमा आहे, रवी जाधवचा. चाळीतल्या ताईबद्दल कुजबुज होते, पोरांना कोणी धड सांगत नाही, मग ती व्हीसीआरवर नको त्या कॅसेटी बघून स्वतःच शिकतात. टोपी उडते ती पालकांची. आपल्याकडे वेगळं काय आहे? दहावीला प्रजननाचा धडा आला की आमचे सर म्हणायचे, घरी वाचून या. बहिणीच्या पुस्तकात तर ती पानं पिना मारून बंद केलेली. पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा पिना गंजल्या होत्या, पण त्याच पानांच्या कडा बोटं लागून काळ्या झाल्या होत्या.

गुरुजी_सेवानिवृत्त
पोस्ट माझीच. शाळांमधलं लैंगिक शिक्षण २००७ मध्ये आमदारांच्या आरडाओरड्यामुळे थांबलं, मास्तरांमुळे नाही. सिनेमा वाईट असं मी म्हटलंच नाही, जागा चुकली म्हटलं. मागं उभे पोट्टे शिट्ट्या मारत होते, माझी सून अर्ध्यातून उठून घरी आली. हे तुम्हाला दिसलं नाही वाटतं.

कापूसकोंड्या
शिट्ट्या काय आजच्या हायेत का जी? १९७१ मंधी ‘सोंगाड्या’ आला, मंग दादा कोंडकेचा कोणताबी सिनेमा टुरिंग टॉकीजमंधी लागला का माही आजी बैलबंडी जुंपाले लावे. तिले सारे दुहेरी अर्थ समजत. आज्याले नाही समजत, तो नुसता बाकीचे हासले का हासे.

मोहफूल
कोंडके राहू द्या, आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचं काय चाललंय ते बघा. पूर्वी खडी गंमत या आमच्या लोकनाट्यात पुरुषच बाई व्हायचा आणि पाटलाच्या भानगडीपासून सासूच्या सोवळ्यापर्यंत सगळ्यांची उतरवायचा. बाया पुढं बसून पोट धरून हसायच्या. आता मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं नाटक म्हणजे प्रवेश संपला की डान्सर, डान्सर गेली की रडारड. व्यंग कुठं आहे त्यात?

वडसेकर
खुर्चीत बसून बोलणं सोपं आहे भाऊ. माझं घर त्याच सिझनवर चालते. धान घरात आलं की होळीपर्यंत जेवढं कमावलं तेवढंच. गाणं उशिरा आलं तर पब्लिक तिकिटाचे पैसे वापस मागते. ती डान्सर पोरगी पहाटे तोंडावरचा रंग पुसून सामानाच्या गाडीतच झोपते, रात्री दुसऱ्या गावात उभी. आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तिकीट किती जणांनी काढलं?

मोहफूल
मी दरवर्षी तिकीट काढतो. फुकट पास तुमच्याच पुढाऱ्यांना लागतात.

वडसेकर
‘तुमच्याच’ म्हणजे? पासाचं नाव काढू नका, तोंड उघडायला लावाल.

धानपट्टा
अहो, धागा सिनेमाचा आहे. झाडीपट्टीसाठी वेगळा काढा ना.

पऱ्हाटी
गुरुजी, सून का उठली ते तिला विचारलंत का? मी पण उठले होते. सिनेमाचा राग नव्हता, सासरे दोन हातांवर बसलेले, मग हसायचं कुठं? आमच्याकडे सरकारी आरोग्याच्या आशाताई आल्या की सासूबाई त्यांना मागं सांदवाडीत नेऊन कुजबुजायला लावतात. रात्री सिरियलमध्ये नवरा दोन बायकांच्या घरी जातो, ते मात्र सगळे ताटावर बसून बघतात. मामंजींना तर मागच्या भागात काय झालं तेही पाठ असते.

गुरुजी_सेवानिवृत्त
माझ्या घरात सिरियल लागत नाही. बातम्या लागतात.

कापूसकोंड्या
मंग तं बातम्यांपेक्षा सिनेमा बरा जी.

गुरुजी_सेवानिवृत्त
ठीक आहे, तुम्ही सगळे शहाणे. पुढल्या वर्षी पुन्हा लावा, मी चौकात फिरकणार नाही, सुना बसू देत. पण त्या पोट्ट्यांना अंधारात मागं उभं करू नका. पुढं उजेडात बसवा, आपापल्या आईशेजारी. बघू किती शिट्ट्या येतात.

पऱ्हाटी
हे मात्र पटलं. पोस्टमध्ये एवढंच लिहिलं असतं तर?

वडसेकर
मोहफूल भाऊ, डान्सला वन्समोर ओरडत कोण उभं होतं त्याचा व्हिडिओ आहे आपल्याकडे. टाकू का इथं?