तिकीट गोव्याचं, पण कुठल्या विमानतळाचं?

दादा (पुणे): मामा, तिकिटं झाली. शुक्रवारी मी दुपारी २.२५ ला उतरतोय, ताई बंगळूरहून २.१० ला. एकाच गाडीत सावंतवाडीला येतो.

मामा: दोघांचेही फोटो टाका तिकिटाचे.

मामा: अगो, तुझ्या तिकिटावर जीओआय आहे. ती दाबोळी. दादाचं जीओएक्स, म्हणजे मोपा.

ताई (बंगळूर): दोन्ही गोवाच ना? पंधरा मिनिटं थांबेन की मी.

मामा: पंधरा मिनिटं? एक वास्कोजवळ, दुसरा पेडण्यात, आमच्या बांद्याच्या तोंडावर. नकाशात सरळ रेघ मारलीस तर चाळीसेक किलोमीटर, रस्त्याने साठ-पासष्ट.

दादा: म्हणजे तासभर.

मामा: रात्री दोन वाजता. शुक्रवारी दुपारी दोन तास धर. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला पूर्वीसारखं अडकायला होत नाही. पण पणजी ओलांडून पर्वरीला आलात की संपलं. तिथे उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून गाडी किती वेळ उभी राहील ते देवाला माहीत. धारगळहून मोपाचा रस्ता मात्र झकास.

वहिनी: दोन विमानतळ हवेत कशाला एवढ्याशा गोव्याला 🙄

मावशी (वास्को): दाबोळी नौदलाची आहे गं. सकाळी त्यांचा सराव असतो, तेव्हा प्रवासी विमानांना फारशी जागाच मिळत नाही. म्हणून मोपा. २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. माझ्या शेजारणीचे पाहुणे पहिल्याच महिन्यात चुकले होते.

मामी: आजी म्हणतायत, "मोपाच्या सड्यार गुरां चरायची, थंय आता इमानां उतरतत?" 😄

दादा: मग मी मोपाहून टॅक्सीने दाबोळीला जाऊन तिला घेऊ का?

मामा: आणि परत त्याच रस्त्याने वर येणार? येताजाता सव्वाशे किलोमीटर! तू मोपाहून पाऊणएक तासात घरी पोचतोस. जेवून झोप काढशील तरी ही वाटेतच असेल.

ताई: मी दाबोळीहून बसने येऊ?

मावशी: आधी पणजी, तिथून सावंतवाडीची बस. दोन बॅगा घेऊन? काही नको. दाबोळीहून माझं घर दहा-पंधरा मिनिटांवर. रात्री राहा, बांगडे आणून ठेवते. शनिवारी सकाळी लवकर मीच तुला घेऊन निघते, मलाही आईला भेटायचंय.

ताई: बांगडे तळलेले ना? मग माझं तिकीट बरोबरच आहे 😌

दादा: आणि मी इथे मामाकडे डाळभात.

मामी: डाळभात कोण म्हणालं रे?

वहिनी: ताई, परतीचं कुठून आहे ते आत्ताच बघून घे.

ताई: थांब, बघते.