शंभर किलोची ऑर्डर घेऊ की नको?

भाजणीवाली, राजेंद्र नगर

नमस्कार मंडळी. बेरीज-वजाबाकी मला येते, तरी अडले आहे म्हणून विचारते.

चार वर्षं झाली, इंदूरला घरूनच थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि उपासाची भाजणी करते. महिन्याला साधारण 40 किलो जाते. गिऱ्हाईक म्हणजे राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडची मराठी घरं. हल्ली दोन मारवाडी काकूही नेतात. त्या थालीपिठाला 'आपका वो मसालेवाला चीला' म्हणतात. म्हणू देत, पैसे वेळेवर देतात.

धान्य सियागंजच्या बाजारातून मी स्वतः बघून आणते. ज्वारी निराळी, बाजरी निराळी, डाळी निराळ्या, धणे-जिरे सगळ्यात शेवटी. 5 किलोची एक खेप भाजायला अडीच तास. चक्कीवाल्या भैयाशी ठरलंय की सोमवारी सकाळी चक्की झाडून पुसून घ्यायची आणि पहिली माझी उपासाची भाजणी दळायची. साबुदाणा, राजगिरा, मोरधन (पुण्याची नणंद वरी म्हणते, म्हणू दे). गव्हाच्या मागून दळलेलं पीठ एकादशीला कुणाच्या घरी पाठवायचं मला होत नाही.

सकाळी 9 ते 1 भाजणं. समोरच्या गल्लीतली एक जण मदतीला येते, तिची मुलगी शाळेतून येईपर्यंतच, म्हणजे 11 ते 3. आणि 4 ते 6 आप्पांचे. काचबिंदूने सासऱ्यांची नजर गेली आहे, मी त्यांना पेपर वाचून दाखवते, अग्रलेखासकट. माझ्या उच्चारांवरून रोज बोलणी खाते ते वेगळं.

आता एका मोठ्या किराणा दुकानातून विचारणा आली आहे. थालीपिठाची भाजणी, दर महिन्याला 100 किलो. भाव 150 रुपये किलो (मी घरून 280 ला देते), पैसे 60 दिवसांनी, पाकिटावर नाव त्यांचं. वर मालक म्हणतो, भाजल्याची तारीख नको, पॅकिंगची टाका आणि नऊ महिने टिकेल असं लिहा. माझी भाजणी तीन महिन्यांवर गेली की मला स्वतःलाच खवट लागते!

किलोमागे खर्च: धान्य-मसाला 75, चक्की 10, गॅस 12, पाकिटं 14, मदतीची मजुरी 25. नवरा म्हणतो घे, एवढी ऑर्डर परत येणार नाही. तो चुकीचं बोलतोय असंही नाही.

निवृत्त मुनीम, रामबाग

ताई, खर्च 136 झाला. 150 मधून उरले 14. शंभर किलोचे 1400 रुपये. आता 100 किलो म्हणजे 20 खेपा, अडीच तासांप्रमाणे 50 तास. ताशी 28 रुपये पडले. आज 40 किलोवर तुम्हाला 5760 उरतात आणि भाजायला 20 तास लागतात. मदतीच्या बाईला तुम्ही स्वतःपेक्षा जास्त देणार, असा हा सौदा आहे.

उधारीचं सांगतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करून टाका, ऑनलाइन आहे, फी नाही. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर 15 दिवसांत. साठ दिवस कागदावर लिहून घेतले तरी ते चालत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, शिवाय मुदत टळली की मालाचा तो खर्च दुकानदाराला पैसे चुकते केल्याच्या वर्षीच आयकरात धरता येतो. त्याच्या मुनीमाला हे नक्की ठाऊक असणार.

आणि नणंदेच्या ओळखीत पुण्याला पाकिटं विकायचा विचार असेल तर जपून. जीएसटी नोंदणीतून वर्षाला 40 लाखांच्या विक्रीपर्यंतची सूट राज्यातल्या राज्यात. करपात्र माल राज्याबाहेर विकला की पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते.

एकेकाळची डबेवाली

माझे 12 डबे होते तेव्हा कुणाला लसूण चालत नाही, कुणाला साखर, सगळं पाठ होतं. 70 डबे झाले आणि सगळ्यांना एकच लाल रस्सा जायला लागला. एका आजोबांनी डब्यात चिठ्ठी पाठवली, 'वाटाणे कच्चे आहेत.' मला त्यांचाच राग आला. म्हाताऱ्याला काय एवढं, म्हणून. दोन महिन्यांनी डबे बंद केले.

पण काकू, लहान आहे म्हणून सगळं छान आहे असंही समजू नका. उद्या तुम्हाला ताप आला तर भाजणार कोण? 280 हा भाव कधी ठरवला होता? भाव वाढवा, मदतीच्या बाईला भाजायला शिकवा, आणि कुठलं धान्य किती वेळ ते वहीत लिहून काढा. तुमच्या हाताला कळतं ते तिला कसं कळणार?

छप्पनवाला भिया

मी फूड टेक्नॉलॉजी शिकतोय, म्हणून थोडं ज्ञान पाजळतो. बाजरीत तेल जास्त, त्यामुळे पीठ लवकर कडू होतं. भाजल्यामुळे त्याला वेळ मिळतो, पण नऊ महिने अंदाजाने लिहू नका. पाकिटावर 14 आकडी अन्न परवाना (FSSAI) नंबर तुमचा असेल तर खवट पिठासाठी विचारणा तुमच्याकडेच येणार.

बाकी भिया, इंदूरमध्ये राहून जिरावण मसाला करत नाही हे काही पटून नाही राहिलं. पोह्यावर मेतकूट टाकणार का आम्ही?

भाजणीवाली, राजेंद्र नगर

मुनीमकाका, ते 28 रुपये नवऱ्याला दाखवले. त्याने दोनदा मोबाइलवर गुणाकार केला आणि चहा टाकायला उठला.

दुकानात जाऊन आले. म्हटलं, महिन्याला 20 किलो देईन, 210 भाव, नाव माझं, भाजल्याची तारीख माझी, पैसे 15 दिवसांत. मालक हसला, 'दीदी, दिवाली के बाद देखते हैं.' म्हणजे नाहीच. घरी येताना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाव 310 केला. एक गिऱ्हाईक तुटलं, मारवाडी काकूंनी हूं की चूं केलं नाही. आणि मदतीला येणारीला भाजायला शिकवायला घेतलंय, तिची मजुरीही वाढवली. पहिल्याच दिवशी 2 किलो ज्वारी करपली. तिला रडू यायच्या बेतात होतं, मी पंखा लावला, खिडक्या उघडल्या, वास काही जाईना. चारला पेपर उघडून बसले तर आप्पा म्हणतात, "आज अग्रलेख जळका दिसतोय."